भुसा वाळवण्याचा इतिहास : ओलं इंधन आणि ‘योग्य’ या शब्दाचा अर्थ



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही स्नेह्यांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांची हयात गेली त्यांचा आणि सुताराच्या पायाशी पडलेल्या भुशाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. ॲरिस्टॉटलने ‘द्रव्य’ या अर्थाने जो शब्द रूढ केला तो ‘हूले’. ग्रीक माणसाच्या रोजच्या बोलण्यात या शब्दाचा अर्थ होता लाकूड, सरपण, झाडी. म्हणजे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात ज्याला द्रव्य म्हणतात, ते मुळात सुताराच्या समोरचं लाकूड आहे. द्रव्याला आकार मिळाला की वस्तू तयार होते, लाकडाचा पाट होतो, दार होतं. ठीक आहे. पण पाट होताना जे सुटून खाली पडतं, त्याचं काय? आकाराने नाकारलेलं ते द्रव्य. त्याचाही इतिहास आहे, आणि तो आज आपल्याला बघायचा आहे.

आधी शब्द नीट करून घेऊ. करवतीखाली पडतो तो भुसा. रंध्यातून गुंडाळ्या होऊन निघतात ते छिलके. कुऱ्हाड किंवा वाकस उडवते ती ढलपी. वखारीत सगळ्याला मिळून भुसाच म्हणतात आणि त्याने व्यवहार अडत नाही. पण वाळवायची वेळ आली की हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण पाणी बाहेर पडायचा रस्ता प्रत्येकात वेगळ्या लांबीचा असतो.

आता दुसरा संबंध, आपल्या घरचा. न्यायदर्शन शिकलेल्यांना डोंगरावरचा धूर आणि अग्नी आठवत असेल. धूर दिसला की अग्नी आहे असं अनुमान करता येतं. उलट करता येत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग धूर केव्हा निघतो? इंधन ओलं असेल तेव्हा. नैयायिकांनी या दडलेल्या अटीला ‘उपाधी’ म्हटलं, आणि तिचं ठरलेलं उदाहरण दिलं ते ‘आर्द्रेन्धनसंयोग’, म्हणजे ओल्या इंधनाशी संबंध. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’तून हे उदाहरण आजही विद्यार्थ्यांना शिकवलं जातं. चुलीसमोर डोळे चोळत बसलेल्या कुठल्याही बाईला ते न शिकवता कळतं.

आम्हाला यातून एवढंच घ्यायचं आहे, की नियम सांगताना त्याच्या पोटात दडलेली अट सांगायला आपण विसरतो. ‘भुसा वाळवण्याची योग्य पद्धत कोणती?’ हा प्रश्न तसाच आहे. त्यात निदान तीन अटी दडलेल्या आहेत. कशासाठी वाळवायचा? किती वेळात? आणि त्याची किंमत कोण मोजणार? इतिहासात प्रत्येक काळाने आपल्याकडे ज्याची टंचाई होती ते वाचवणारी पद्धत ‘योग्य’ ठरवली. हे एक सूत्र धरून आपण पुढे जाऊ.

वेळ मुबलक होता तेव्हा

लाकूड वाळवण्याचा इतिहास सुरू होतो तो तासलेल्या भुशापासून नाही, उभ्या झाडापासून. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस इ.स.पूर्व पहिल्या शतकात सांगून गेला, की झाड एकदम तोडू नये. बुंध्याला गाभ्यापर्यंत खाच पाडून ते उभंच ठेवावं, म्हणजे आतला रस गळून जाईल. ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलात हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर चालली. बुंध्याभोवती सालीचं आणि बाहेरच्या लाकडाचं एक कडं काढून टाकायचं. झाड उभ्या उभ्या मरतं आणि दोन-तीन वर्षं उन्हावाऱ्यात वाळतं. मग तोडायचं. कारण अगदी व्यवहारी होतं. ओला साग नदीत नीट तरंगत नाही, वाळलेला तरंगतो. जंगलातून बंदरापर्यंतचा रस्ता म्हणजे नदी, म्हणून वाळवण आधी.

आपल्याकडे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली जहाजं मलबारच्या सागाची. १८१७ साली तिथे पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे उभी आहे. दोनशे वर्षांहून अधिक काळ लाकूड टिकलं. त्यात सागाच्या अंगच्या तेलाचा वाटा आहे, कारागिरांच्या हाताचा आहे, आणि घाई न करता वाळू दिलेल्या लाकडाचाही आहे. जुन्या सुतारांचा ठोकताळा असा, की फळीच्या एक इंच जाडीला एक वर्ष. आजोबांनी रचून ठेवलेलं लाकूड नातवाच्या लग्नात पलंग होऊन यायचं, असं म्हणायला हरकत नाही.

या काळात भुशाला स्वतंत्र वाळवण नव्हतं, कारण त्याची गरजच नव्हती. लाकूड आधीच वाळलेलं, म्हणून त्याचे छिलकेही कोरडे. सुताराच्या घरची चूल त्यावर पेटायची, उरलेलं गोठ्यात पसरलं जायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: भुशाचा ओलावा हा लाकूड कोणत्या अवस्थेत कापलं यावर ठरतो. वाळलेल्या फळीवर रंधा मारला तर छिलके तयारच कोरडे मिळतात. ओला ओंडका करवतीला लावला तर भुसा ओंडक्याइतकाच ओला. वाळवायचा प्रश्न तिथून सुरू होतो.

भुशाला किंमत आली ती बर्फामुळे

एकोणिसाव्या शतकात वाफेवर आणि पाण्यावर चालणाऱ्या आरागिरण्या वाढल्या आणि भुशाचे ढीग साचू लागले. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर तर तो नद्यांमध्ये ढकलून देत. त्याला पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते अनपेक्षित दिशेने. फ्रेडरिक ट्यूडर हा बॉस्टनचा व्यापारी गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून उष्ण देशांत विकत होता. १८३३ साली ‘टस्कनी’ नावाचं जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. तेव्हा त्यातला सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. लवकरच मुंबईतही हा बर्फ येऊ लागला. जमशेटजी जीजीभॉय यांच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम मिळालं आणि मग सगळ्यांना सर्दी झाली, असा एक किस्सा मुंबईच्या इतिहासात आवडीने सांगितला जातो.

विषुववृत्त ओलांडून बर्फ टिकला कसा? त्याच्याभोवती उष्णता अडवणारा थर भरलेला असे, आणि या धंद्यात त्यासाठी सर्वांत जास्त वापरला गेला तो भुसा. भुशाचं काम खरं म्हणजे त्याच्या कणांमध्ये अडकलेली हवा करते. तिथे पाणी शिरलं की हवेची जागा पाणी घेतं आणि उष्णता सहज आत जाते. म्हणून बर्फाला लागणारा भुसा कोरडा हवा, आणि बर्फ वितळून निघणारं पाणी भुशात न मुरता वाहून जायला हवं. नदीत फेकायची वस्तू विकायची वस्तू झाली, आणि ‘कोरडा’ हा शब्द भावाला चिकटला. टाकाऊ काय आणि मौल्यवान काय, हे वस्तूच्या अंगी नसतं, ते प्रयोजनावर ठरतं, याचं याहून सोपं उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

‘वाळलं’ म्हणजे काय?

आता आपण विसाव्या शतकात येतो. इथे एक शास्त्रीय टप्पा आहे, तो समजून घेतला की पुढचं सगळं सोपं होतं.

अमेरिकेच्या वनखात्यातले हॅरी टीमन यांनी १९०६ साली एक गोष्ट मांडली. लाकडातलं पाणी दोन तऱ्हेचं असतं. पेशींच्या पोकळीत मोकळं असतं ते एक, आणि पेशींच्या भिंतींत बांधलेलं असतं ते दुसरं. लाकूड वाळताना आधी मोकळं पाणी जातं, आणि तोवर लाकूड आक्रसत नाही, त्याची ताकदही फारशी बदलत नाही. मोकळं पाणी संपलं आणि भिंतीतलं पाणी तेवढं भरलेलं राहिलं, हा एक ठळक टप्पा. बहुतेक लाकडांत तो पंचवीस ते तीस टक्क्यांच्या दरम्यान येतो. त्याखाली उतरलं की लाकूड आक्रसतं, फाटतं, वाकतं, आणि घट्टही होतं.

त्याच १९०६ साली आपल्याकडे देहरादूनला वन संशोधन संस्था सुरू झाली. १९१० मध्ये अमेरिकेत मॅडिसन इथे लाकडाची प्रयोगशाळा आली. पहिल्या महायुद्धात विमानं लाकडी होती. त्यांच्या लाकडाला इंचाला वर्ष द्यायला कोणालाच सवड नव्हती. म्हणून तापमान आणि हवेतली आर्द्रता दोन्ही ताब्यात ठेवणाऱ्या वाळवणभट्ट्यांचं शास्त्र झपाट्याने पुढे गेलं. सूत्र आठवा. टंचाई कशाची होती? वेळेची. म्हणून वेळ वाचवणारी पद्धत योग्य ठरली.

दुसरी गोष्ट आम्हाला तत्त्वज्ञान म्हणून फार आवडते. लाकूड कधीच ‘पूर्ण’ वाळत नाही. भट्टीत शंभर अंशांवर ठेवून त्यातलं सगळं पाणी काढलं, तरी बाहेर आणलं की ते हवेतला दमटपणा पुन्हा ओढून घेतं. मेच्या कोरड्या उन्हात विदर्भात सावलीला ठेवलेला भुसा पाच टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो. तोच भुसा आषाढात कोकणातल्या पडवीत ठेवा, तो अठरा-वीस टक्क्यांवर जाऊन बसेल. पाऊस त्याला शिवलेलाही नसताना. म्हणजे ‘वाळलेला’ हा भुशाचा गुण नाही. तो भुसा आणि हवा यांच्यातला समझोता आहे. हवा बदलली की समझोता बदलतो. म्हणूनच वाळवणं आणि वाळलेलं राखणं ही दोन कामं आहेत. पहिलं केलं आणि दुसरं सोडलं, तर खर्च वाया जातो.

आणखी एक घोळ मिटवून घेऊ, कारण तो पैशाचा आहे. ओलाव्याची टक्केवारी मोजायच्या दोन रीती आहेत. लाकूडवाले पाण्याला कोरड्या लाकडाच्या वजनाने भागतात. इंधनवाले पाण्याला एकूण वजनाने भागतात. पन्नास किलो कोरडं लाकूड आणि पन्नास किलो पाणी, असा शंभर किलोचा ढीग असेल, तर पहिल्याच्या हिशेबाने ओलावा शंभर टक्के, दुसऱ्याच्या हिशेबाने पन्नास टक्के. ढीग एकच आहे, आकडा दुप्पट. टक्के ऐकले की ‘कशाचे टक्के?’ असं विचारायची सवय लावून घ्यावी. भुशाच्या बाहेरही ही सवय उपयोगी पडते.

भुसा इंधन होतो, फळी होतो

शिकागोचे विल्यम स्मिथ यांना १८८० साली एक पेटंट मिळालं. भुसा सुमारे ६६ अंशांपर्यंत तापवायचा आणि वाफेच्या घणाने ठोकून त्याचे ठोकळे करायचे. कल्पना काळाच्या पुढे होती, कारण तेव्हा लाकूड आणि कोळसा दोन्ही स्वस्त होते. १९३० च्या सुमारास अमेरिकेच्या आयडाहो राज्यात लुइस्टन इथल्या लाकूड कारखान्यात ‘प्रेस-टू-लॉग’ नावाने जळाऊ ठोकळे निघू लागले, ते खपले. यात एक शहाणपण होतं. त्यांनी मुख्यतः वाळवलेल्या फळ्यांवर रंधा मारताना निघणारे छिलके वापरले. फळ्या भट्टीत वाळल्या होत्याच, त्यामुळे छिलक्यांसाठी पुन्हा उष्णता खर्च करावी लागली नाही. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते हेच. वाळवण्याची सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे मुळात कोरडा माल निवडणं.

मग दुसरं महायुद्ध. जर्मनीत चांगल्या लाकडाची टंचाई झाली, आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रेमेन इथे लाकडाच्या बारीक तुकड्यांत रेझिन मिसळून, गरम दाबाखाली दाबून फळ्या बनू लागल्या. आज आपल्या घरातली कपाटं ज्या पार्टिकल बोर्डची असतात, त्याचा हा आरंभ. इथे वाळवण हा जोडधंदा राहिला नाही, तो कारखान्याचा कणा झाला. छिलके दोन ते पाच टक्क्यांपर्यंत आणावे लागतात. कारण गरम दाबाखाली उरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि दाब सोडताच ती फळी आतून फाडते. एवढं कोरडं काम उन्हाने होत नाही. म्हणून फिरती पिंपं आली: आडवं, किंचित उतरतं, सावकाश फिरणारं पोलादी पिंप; आत पट्ट्या; एका तोंडाने शेकडो अंश तापलेले वायू आणि ओले छिलके. पट्ट्या छिलके उचलतात, वरून सोडतात, ते गरम वायूतून पडत पडत पुढे सरकतात. काही मिनिटांत काम होतं.

त्याच युद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा युरोपात लाकडापासून गॅस बनवून मोटारी चालवल्या. जॉर्ज इंबेअर या फ्रेंच अभियंत्याची भट्टी गाडीच्या मागे बसवायची. युद्ध संपेपर्यंत जर्मनीत अशी सुमारे पाच लाख वाहनं होती. त्या भट्टीला वीस टक्क्यांहून कमी ओलाव्याचे ठोकळे लागत. लाकूड ओलं निघालं की डांबरासारखा चिकटा तयार होई आणि इंजिन बसे. नैयायिकांची उपाधी इथे रस्त्यात गाडी अडवून उभी राहिली, असं म्हणूया. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत आणि पुढे स्वीडनमध्ये भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांचा, म्हणजे पेलेटचा, उद्योग उभा राहिला, तोही याच मालिकेतला पुढचा अंक.

आपली भुशाची शेगडी

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रातल्या शहरांत रॉकेलच्या रांगांच्या काळात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना भुशाची शेगडी आठवत असेल. पत्र्याचा डबा, खाली बाजूला एक भोक. मधोमध बाटली किंवा गोल दांडका उभा धरायचा, खालच्या भोकातून दुसरा आडवा घालायचा, आणि भोवती भुसा ठासून भरायचा. दांडके हलक्या हाताने काढले की आत धुराडं तयार. खालून पेटवली की कित्येक तास सारखी आच. वरण शिजायचं, आंघोळीचं पाणी तापायचं. भुसा वखारीतून पोत्याने यायचा.

हिचं यंत्रशास्त्र बघण्यासारखं आहे. भुसा फार ओला असला तर धूर कोंडायचा. अगदी भुरभुरीत कोरडा असला तर ठासताना बसत नसे, मधलं भोक ढासळायचं. म्हणून गृहिणी तो गच्चीवर पसरून वाळवत, पण हाताला किंचित दम लागेल इतपतच. ओलावामापक नव्हता, मूठ होती. मूठ आवळली आणि गोळा बनून राहिला तर ओला. सैल होऊन पसरला तर चालेल. हे ज्ञान कोणत्या ग्रंथात नोंदलं गेलं नाही, आणि गॅस सिलिंडर घरोघरी आल्यावर ते विसरलंही गेलं. पण ‘किती वाळवायचं’ हा प्रश्न ‘कसं वाळवायचं’ याच्या आधी येतो, हे त्या बायकांना पक्कं ठाऊक होतं.

मग पद्धत निवडायची कशी?

एवढ्या इतिहासातून व्यवहाराला काय मिळतं ते आता सांगतो.

पहिलं, प्रयोजन. जळाऊ ठोकळे किंवा पेलेट करायचे तर आठ ते बारा टक्के ओलावा साधारणपणे बरा. त्याहून कोरडा भुसा नीट चिकटत नाही, कारण लाकडातलं लिग्निन मऊ पडून बांधून ठेवायला थोडं पाणी मदत करतं. पार्टिकल बोर्डला दोन ते पाच टक्के. कोंबड्यांच्या घरात पसरायचा असेल तर कोरडा आणि मुख्य म्हणजे बुरशी न लागलेला हवा. बुरशीने पिल्लांना फुप्फुसाचा आजार होतो. उलट फार बारीक आणि भुरभुरीत असेल तर धूळ उडते, तीही पिल्लांच्या आणि माणसांच्या छातीत जाते. बघा, झाड तेच, करवत तीच, पण ‘योग्य’ कोरडेपणा तीन ठिकाणी तीन.

दुसरं, हिशेब. मघाचाच शंभर किलोचा ढीग घ्या, अर्धा लाकूड, अर्धं पाणी. इंधनवाल्यांच्या रीतीने तो दहा टक्क्यांवर आणायचा, तर सुमारे ४४ किलो पाणी उडवावं लागतं. एक किलो पाणी उडवायला अडीच मेगाज्यूलच्या आसपास उष्णता लागते. सगळी मिळून ११० मेगाज्यूल. कोरड्या भुशाच्या किलोतून सोळा-सतरा मेगाज्यूल मिळतात असं धरलं, तर निदान सात किलो भुसा भुशालाच वाळवण्यात जातो. यंत्रातली गळती धरली तर दहा-बारा किलो. हाती येणार पंचावन्न, त्यातला पाचवा हिस्सा वाटेतच. ऊन हे काम फुकट करतं. पण ऊन जागा मागतं, वेळ मागतं, आणि पावसाळ्यात चार महिने सुट्टी घेतं.

तिसरं, हाताशी काय आहे. माल थोडा असेल आणि दिवस उन्हाचे असतील, तर सिमेंटच्या खळ्यावर दोन-तीन बोटं जाडीचा थर, दिवसातून चार-पाच वेळा खालीवर करणं, आणि दव पडण्याआधी गोळा करून ताडपत्रीखाली ठेवणं, याला तोड नाही. थर जाड केला की वरचा वाळतो आणि खालचा आंबतो. पावसाळी मुलखात आरपार वारा वाहणारी शेड किंवा काच-प्लास्टिकच्या छताची सौर भट्टी मधला मार्ग आहे. फळ्यांसाठी अशी सौर भट्टी देहरादूनच्या संस्थेने १९७० च्या दशकातच करून दाखवली. कारखान्यात बॉयलर असेल, तर त्याच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर कमी तापमानाचा पट्टा चालवता येतो. तो सावकाश चालतो, जागा खातो, पण एकसारखा वाळवतो. फिरतं पिंप घ्यायचं ते माल रोज टनांनी येत असेल आणि त्याच्याजवळ सतत उभं राहणारा जाणता माणूस असेल तरच.

आणि वाळवण्याआधी चाळावं. बारीक भुसा मिनिटात वाळतो, जाड ढलपीला वेळ लागतो. दोन्ही एकत्र टाकले तर ढलपी वाळेपर्यंत भुसा करपतो. ओलं आहे तोवर पाणी त्याला थंड ठेवतं. पाणी संपलं की रक्षणही संपतं.

किंमत कोण मोजतो?

इथे आम्ही तिसऱ्या अटीशी येतो, आणि हा आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे.

ओल्या गवताची गंजी आतून तापते हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. ओल्या भुशाचा उंच ढीगही तसाच तापतो. आधी सूक्ष्मजीव त्याला तापवतात, मग रासायनिक क्रिया, आणि काही वेळा आगीपर्यंत मजल जाते. म्हणून न वाळवणं हाही सुरक्षित मार्ग नाही. पण दुसऱ्या टोकाला काय होतं ते कॅनडात दिसलं. ब्रिटिश कोलंबियात भुंग्यांनी पाइनची जंगलंच्या जंगलं मारली. उभी मेलेली, उभी वाळलेली ती झाडं आरागिरण्यांत आली. ब्रह्मदेशात माणूस जे मुद्दाम करत होता, ते इथे किड्याने केलं. या लाकडाचा भुसा नेहमीपेक्षा बारीक आणि कोरडा पडत होता. २०१२ च्या जानेवारीत बर्न्स लेक इथे आणि एप्रिलमध्ये प्रिन्स जॉर्ज इथे, अशा दोन आरागिरण्यांत हवेत उडालेल्या या धुळीचा स्फोट झाला. दोन्हीकडे दोन दोन कामगार गेले, कित्येक होरपळले. जे पूर्वी जमिनीवर पडलेला केर होतं, ते कोरडेपणाने दारूगोळा झालं.

स्फोट दिसतो. धूळ दिसत नाही. इंग्लंडमध्ये हाय विकम हे फर्निचरचं गाव. १९६० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की नाकाचा एक विरळा कर्करोग इथल्या सुतारांत फारच जास्त आहे. पुढे १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. भुसा जितका कोरडा, तितकी धूळ अधिक. म्हणजे आपण कारखान्याच्या सोयीसाठी कोरडेपणा वाढवतो, तेव्हा ओझं पाण्यावरून उचलून कोणाच्या तरी श्वासावर टाकत असतो. चाळणीवर उभा असलेला माणूस रोजंदारीवरचा असतो. पद्धत निवडताना त्याला कोणी विचारत नाही.

म्हणून आम्ही असं म्हणतो. पद्धत योग्य आहे की नाही हे ठरवताना खर्चाच्या वहीत लाकूड, वेळ आणि पैसा यांचे रकाने असतातच. त्यात श्वासाचा रकाना घालावा. धूळ ओढून घेणारा पंखा आणि नळ, नाकावर नीट बसणारा मुखवटा, झाडूऐवजी शोषणयंत्र, तुळयांवर आणि पत्र्यावर साचलेली धूळ आठवड्याला काढणं, पिंपाजवळ ठिणगी टिपणारं यंत्र, आणि गरजेपेक्षा एक टक्काही जास्त न वाळवणं. यातलं शेवटचं तर फुकट आहे, उलट त्यात इंधन वाचतं.

एका श्रोत्यांनी आधीच लिहून प्रश्न पाठवला आहे: ‘घरच्या छोट्या सुतारशाळेतला दोन-चार पोती भुसा असेल तर एवढा विचार करावा का?’ करावा, पण थोडक्यात. ओल्या लाकडाचा आणि वाळलेल्या लाकडाचा भुसा वेगळा ठेवा. ओला असेल त्याच दिवशी पसरा, पोत्यात बांधून ठेवू नका. पॉलिश, रंग किंवा प्लायचा भुसा यात मिसळू नका, आणि तो शेगडीत किंवा गोठ्यात तर अजिबात नको. मूठ आवळून बघा. पसरताना वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा. एवढ्याने बहुतेक काम भागतं.

ॲरिस्टॉटलने आकाराला वरचं स्थान दिलं आणि द्रव्याला खालचं. आपण तीच सवय पुढे चालवत आलो. पाट बघतो, छिलके बघत नाही. छिलके बघितले तरी ते झाडणारा बघत नाही. पण ज्या उपाधीवर सगळं अवलंबून असतं ती बहुधा खालीच पडलेली असते.

पुढच्या व्याख्यानात आपण कोळशाच्या भट्ट्यांकडे वळू. आज इथे थांबतो.